एकमताची मान

कालोयान गायदारोवची बदली विदिनच्या गोदामात झाली. भर सभेत, एकमताने झाली, आणि त्या एकमतात कालोयानचं स्वतःचं मत सगळ्यांत जोरदार होतं. हे सगळं वेलिच्का मिंचेवाने घडवून आणलं, आणि त्या संध्याकाळी तिने ल्युतेनित्साची, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीची, नवी बरणी उघडून थेट चमच्याने खाल्ली. पावाशिवाय.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही. आमच्या याम्बोलच्या झाकण कारखान्यात कुणालाही विचारा, तो मान वर झटकेल आणि जिभेने ‘च्च’ करेल. म्हणजे नाही. हो असेल तेव्हा आम्ही मान डावी-उजवीकडे डोलवतो. सभा झाली नाही, घुबड नव्हतं, कुणी कुणाला कुठेही पाठवलं नाही. तेव्हा जे घडलंच नाही, ते सुरुवातीपासून सांगतो.

वेलिच्का कारखान्याच्या पाठवणी खात्यात होती. कुठल्या गावाला किती झाकणं जायची ते तिच्या हातात. बरण्यांचं झाकण ही आमच्याकडे गंभीर गोष्ट आहे. सरकार पडलं तर आम्ही खांदे उडवतो. हिवाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत झाकणं कमी पडली, तर मात्र लोक रस्त्यावर येतील.

वेलिच्काला मतं होती. कुणी विचारली नाहीत तरी ती सांगायची, आणि चुकून कुणी विचारलीच तर त्याचं जेवण थंड व्हायचं.

यंत्रांबद्दल तिचं मत असं, की माणसाने लावलेला शेवटचा प्रामाणिक शोध म्हणजे चुष्कोपेक. विजेची उभी भट्टी. आत मिरची सोडायची, झाकण लावायचं, जरा वेळाने भाजलेली मिरची बाहेर काढायची. “त्याने मला कधी पासवर्ड विचारला नाही,” ती म्हणायची. “आणि मिरची भाजून झाल्यावर ‘आमची सेवा कशी वाटली’ असंही विचारलं नाही. सेवा कशी वाटली ते मिरचीवर दिसतं.”

राजकारणाबद्दल तिचं मत असं, की इतक्या निवडणुका झाल्यात की मतदानाच्या शाळेतला शिपाई आता तिला पोरांबरोबर हजेरीत धरतो. “पुढाऱ्यांचं मला काही वाईट वाटत नाही. फक्त टीव्हीवर ते मान हलवतात ना, ती कुठल्या देशाची हलवतात तेवढं सांगावं. इथली असेल तर नाही म्हणतायत, तिकडची असेल तर हो. खाली पट्टीवर लिहायला काय जातं?”

आणि फेसबुकबद्दल: “तिथे अंगठा वरच असतो. खालचा देतच नाहीत. ज्या दुकानात परत करायची खिडकी नाही, तिथून मी माल घेत नाही.” तरी ती रोज रात्री जेवणानंतर फेसबुक बघायची. शत्रूच्या घरात काय शिजतंय ते माहीत असावं, हे तिचं चौथं मत.

मतांखेरीज तिच्याकडे राग होता. तिच्या तळघरात दोन गोष्टींचा साठा असायचा, ल्युतेनित्सा आणि राग, आणि दोन्ही हवाबंद. झाकण पक्कं असेल तर राग वर्षानुवर्षं नासत नाही, आणि झाकणं तर घरचीच होती.

आमच्या कारखान्यात सप्टेंबरातला एक शुक्रवार सुट्टीचा असे. मिरचीचा शुक्रवार. त्या दिवशी अख्ख्या गावाच्या अंगणांत लाल मिरच्या भाजल्या जातात, सोलल्या जातात, टोमॅटोबरोबर मोठ्या पातेल्यात घोटल्या जातात. झाकणं बनवणाऱ्यांनाच बरण्या भरायला सवड नाही, हे बरं दिसणार नाही, म्हणून जुन्या मालकाने ही सुट्टी सुरू केली होती. वेलिच्काच्या इमारतीच्या अंगणात मधली भट्टी तिची. बाकीच्या बाया तिच्या भोवती बसत आणि ती वर्षभराचे हिशेब तिथेच चुकते करी. तोंडी.

मग कालोयान आला.

पोरगा इथलाच, बसस्टँडमागच्या गल्लीतला. काही वर्षं हॉलंडला राहून आला, दाढी राखून आला आणि ‘कार्यक्षमता प्रमुख’ झाला. हॉलंडहून त्याने मानही तिकडचीच आणली होती. कँटीनवाली विचारायची, “कॉफी देऊ?” हा हो म्हणून मान वरखाली करायचा, ती कप उचलून परत न्यायची. पंधरवडाभर त्याला कॉफी मिळाली नाही. शेवटी त्याने तोंडाने बोलायला सुरुवात केली.

या कालोयानने घुबड आणलं. सभेच्या टेबलावर मधोमध ठेवायचं एक वाटोळं काळं डबडं, वर डोळा, आणि तो डोळा सगळीकडे फिरणारा. सभेत कोण काय बोललं ते डबडं ऐकायचं, कोणी कशी मान हलवली ते बघायचं आणि सभा संपताच अहवाल थेट राजधानीला, सोफियाला, मालक ताबाकोव साहेबांच्या फोनवर पाठवायचं. साहेब फक्त शेवटची ओळ वाचायचे. त्यांचं म्हणणं, माणसाने वरच्या ओळी वाचायला लागू नयेत, म्हणून तर तो मालक होतो.

पहिल्याच सभेत कालोयानने विचारलं, “मंडळी, उत्पादन वाढवायचंय. यंदापासून मिरचीचा शुक्रवार बंद करावा असं सुचवतोय. मान्य?”

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वर झटकल्या. खाली आल्या. परत वर झटकल्या. गोदामवाला स्पास म्हातारा, त्याची मान एरवी दुखते, त्यानेही झटकली. वेलिच्काची तर अशी झटकली की कानातलं डूल कॉफीत पडलं.

घुबडाने अहवाल लिहिला: एकमताने मान्य. सर्वांत उत्साही पाठिंबा: वेलिच्का मिंचेवा.

आणि कालोयानने तो फेसबुकवर टाकला, वेलिच्काच्या फोटोसकट. मान वर, डोळे मोठे, एक डूल गायब. खाली लिहिलं: “बदलाला वय नसतं! आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकारी सर्वांत पुढे!” संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने अंगठा वर केला. खालचा नव्हताच.

हिशेब खात्यातली झिव्का दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली.

“काय गं वेलिच्का, नंदीबैल कधीपासून झालीस?”

“मी नाही म्हटलं! तू समोर बसली होतीस!”

“मीही नाहीच म्हटलं. सगळ्यांनीच नाही म्हटलं. पण उत्साह तुझा.”

“डबडं बिघडलंय.”

“डबडं कसं बिघडेल? बाहेरून आलंय.”

आमच्याकडे यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. इमारतीच्या व्हायबर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की मधल्या भट्टीची जागा यंदा रिकामी आहे, इच्छुकांनी कळवावं. भट्टी वेलिच्काची, अंगण सगळ्यांचं. तिने फोन उशीखाली घातला आणि उशीवर बसून राहिली.

कुणी म्हणेल, एका सुट्टीचं एवढं काय! पण अंगणातली मधली जागा म्हणजे माणसाचं नाव. ते गेलं की मग तुम्ही कडेच्या भट्टीवर बसता, आणि कडेच्या भट्टीवर बसणाऱ्याचं मत कुणी ऐकत नाही. वेलिच्काकडून मतं काढून घेतली, तर मागे फक्त कानातली डुलं उरतात, आणि त्यातलंही एक कॉफीत.

तिने बरणीचं झाकण उघडलं. ल्युतेनित्साच्या नव्हे, दुसऱ्या.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापून मृत्युपत्रक दारावर, झाडावर, विजेच्या खांबावर डकवतात. वेलिच्काने कारखान्याच्या फाटकावर डकवलं. काळी चौकट, आत एका लांब लाल मिरचीचा फोटो. खाली: “अत्यंत दुःखाने कळवतो की आमचा लाडका मिरचीचा शुक्रवार एका डबड्याच्या हातून अकाली गेला. मागे पोरकी पातेली. दुखवट्याला येणाऱ्यांनी रकियाची बाटली घरून आणावी.”

लोक थांबून वाचू लागले. एका म्हातारीने पूर्ण न वाचता छातीवर क्रुसाची खूण केली आणि खाली दोन फुलं ठेवली. दुपारपर्यंत फुलांचा ढीग झाला. कारखान्यात कोण गेलं याची चौकशी करायला पाद्री येऊन गेला.

कालोयानने ते पत्रक स्वतः फाडलं. मग वेलिच्काच्या टेबलापाशी आला.

“मावशी, तुमचं काही म्हणणं असेल तर सभेत मांडा. आपण लोकशाही पद्धतीने परत मत घेऊ.”

परत मत घेतलं. “मिरचीचा शुक्रवार परत हवा का?” कालोयानने विचारलं. हो, हो, हो, म्हणत सगळ्यांच्या माना डावी-उजवीकडे डोलल्या. स्पास म्हाताऱ्याच्या मानेतून तर कडकड आवाज आला, इतका त्याला शुक्रवार हवा होता.

अहवाल: एकमताने नामंजूर.

तेव्हा वेलिच्काच्या डोक्यात उजेड पडला. माणसाची मान परदेशी असू शकते हे आम्हाला कालोयानच्या कॉफीवरून कळलं होतं. डबड्याचीही असू शकते, हे कुणाला सुचलं नव्हतं. सभा उठल्यावर ती मागे थांबली.

“कालोयान, बाळा, हे तुझं घुबड उलटं वाचतंय. आम्ही नाही म्हटलं की हो लिहितं, हो म्हटलं की नाही.”

कालोयानने लॅपटॉप मिटला. “माहीत आहे की.”

“माहीत आहे?”

“मावशी, मी याम्बोलचाच आहे. पंधरवडा कॉफीविना काढलाय मी. तेव्हा तुम्ही सगळे हसत होतात ना?” तो गोड हसला. “पण घुबडाला ते माहीत नाही, आणि साहेबांना तर शेवटची ओळच माहीत असते. यंत्र चुकत नसतं. जाता जाता सांगतो, विदिनच्या गोदामावर माणूस हवाय, आणि तिकडे जायला कुणी तयार नाही. पुढच्या सभेत मी तुमचं नाव सुचवणार आहे. सगळे तुमच्या प्रेमापोटी नाही, नाही म्हणतील.” त्याने दिवा बंद केला. “एकमताने.”

विदिन म्हणजे देशाचं दुसरं टोक. त्याच्या पलीकडे डॅन्यूब, आणि डॅन्यूबपलीकडे रुमानिया. तिथे तिला ओळखणारं कुणी नाही, अंगण नाही, आणि तिथल्या लोकांना तिचं एकही मत माहीत नाही. सगळी पहिल्यापासून सांगावी लागणार.

पण वेलिच्का रडली नाही. तिला कालोयानच्या बोलण्यात एक गोष्ट सापडली होती, आणि ती बसमध्ये चघळत घरी गेली. घुबडासमोर आम्हाला हवं ते कधीच मंजूर होणार नव्हतं. आम्हाला जे नको, तेच मंजूर होणार. आधी तिला वाटलं, लोकांना उलटी मान शिकवावी. तिने स्पास आणि झिव्काला जिन्यात उभं करून तालीमही घेतली. “हो म्हणा, पण वरखाली!” झिव्काची मान मध्येच अडकली. स्पास म्हणाला, “वेलिच्का, मी साम्यवादात खोटं बोललो, त्याच्यानंतरही बोललो, पण तोंडाने. मान माझी कधी खोटं बोलली नाही. ती ऐकतच नाही गं.”

तेव्हा खोटं वदवायचं असेल तर तोंडाकडूनच वदवायला हवं. आणि तोंडदेखलं खोटं बोलायला आमच्याकडे तालीम लागत नाही.

सभेच्या दिवशी ताबाकोव साहेब सोफियाहून पडद्यावर हजर होते. म्हणजे पडद्यावर त्यांचं छत दिसत होतं आणि कधी कधी हनुवटी. आमच्याकडे सभेची सुरुवात कॉफीने होते आणि कॉफीबरोबर नोकरीत सर्वांत ज्येष्ठ माणूस दोन शब्द बोलतो. ती जागा वेलिच्काची. ती उठली. काळा ब्लाऊज घातला होता, मृत्युपत्रकाच्या दिवशी घातला होता तोच.

“साहेब, मंडळी,” ती म्हणाली, “आपला कालोयान फार गुणी मुलगा आहे.”

सगळे दचकले. कालोयान जास्त दचकला.

“परदेशातून शिकून आला, आपल्याला घुबड आणून दिलं. मी कधी कधी कठोर बोलले असेन. मला भीती वाटते ती एवढीच, की असा मुलगा आपल्याला मिळाला आणि उद्या आपण त्याला गमावून बसलो तर?” तिने रुमाल काढला. “म्हणून मी घुबडासमोर, साहेबांसमोर विचारते. मंडळी, मनापासून सांगा. कालोयानला इथून विदिनला पाठवावं असं तुम्हाला वाटतं का?”

कालोयानला चंद्रावर पाठवावं असं प्रत्येकाला वाटत होतं. पण साहेबांची हनुवटी पडद्यावर होती, कालोयान समोर बसला होता, आणि तोंडावर असं कोण म्हणतं?

“छे छे!” झिव्का म्हणाली आणि मान वर झटकली.

“भलतंच काय!” पॅकिंगच्या बाया म्हणाल्या आणि माना वर झटकल्या.

“च्च, च्च, च्च,” स्पास म्हणाला, आणि त्याची मान, जी कधी खोटं बोलली नव्हती, तीसुद्धा शिष्टाचाराला शरण गेली. वर, खाली, वर.

घुबडाचा डोळा गोल फिरला. प्रत्येकापाशी थांबला.

कालोयानच्या लक्षात आलं. आधी त्याचा चेहरा उतरला, मग दाढीही उतरल्यासारखी दिसली. तो ताडकन उठला. त्या क्षणी तो हॉलंड विसरला, कार्यक्षमता विसरला. बसस्टँडमागच्या गल्लीत आईने पालकाची वाटी पुढे केल्यावर पोराची मान जशी जायची, तशीच त्याची मान गेली. खालून वर, झटक्याने, परत, परत, जिभेने ‘च्च’ करत, दोन्ही हात हलवत.

“नाही! नाही! थांबा!”

“बघा,” वेलिच्का रुमालाआडून म्हणाली, “किती जीव आहे त्याचा आपल्यावर.”

घुबड माना वाचायचं. मान आणि तोंड यांच्यात तंटा झाला तर मानेचं ऐकायचं. ही मांडणी कालोयाननेच करून घेतली होती, कारण आमची माणसं तोंडाने फार बोलतात. अहवाल गेला: कालोयान गायदारोव यांना विदिनला पाठवावे, एकमताने मान्य. सर्वांत उत्साही पाठिंबा: कालोयान गायदारोव.

पडद्यावरची हनुवटी खाली झुकली, फोन वाचला, परत वर आली. “शाबास, गायदारोव. कुणीच तयार होत नव्हतं. सोमवारी निघ.”

“साहेब, ते उलटं...”

“यंत्र चुकत नसतं, असं तूच सांगितलंस,” साहेब म्हणाले, आणि पडद्यावर पुन्हा छत आलं.

फेसबुकवरचा अंगठा वेलिच्काने त्याच संध्याकाळी दिला, कालोयानच्या जुन्या पोस्टला. “बदलाला वय नसतं!” तिला पहिल्यांदाच ते पटलं होतं.

कालोयान विदिनहून गप्प बसला नाही. त्याने साहेबांना लांबलचक खुलासा पाठवला: आमच्या माना, तिकडच्या माना, बाणांची चित्रं. साहेबांनी शेवटची ओळ वाचली. ती अशी होती, की घुबडाने आजवर सगळंच उलटं लिहिलंय. साहेब घाबरले. कारण जादा पाळीचा निर्णय, कँटीन छोटी करण्याचा निर्णय, सगळे घुबडाच्याच एकमताने झाले होते. त्यांनी वेलिच्काला फोन केला, ज्येष्ठ म्हणून.

“हे खरं आहे का हो?”

“साहेब, मी साधी बाई. पण खरं निघालं तर कामगार सगळ्याच सभांची भरपाई मागतील, नाही का? त्यापेक्षा सभा झाल्याच नाहीत असं म्हटलं तर?”

साहेबांना ते एकदम पटलं. सभा झाल्याच नाहीत. घुबड कधी घेतलंच नव्हतं. जो निर्णय झालाच नाही त्याने मिरचीचा शुक्रवार कसा बंद होईल? तो आपोआप चालू होता. जादा पाळी तशीच मेली आणि कँटीन पुन्हा पूर्वीएवढी झाली. कालोयानची बदली मात्र रद्द करता येईना, कारण न झालेल्या सभेचा निर्णय रद्द कसा करणार? तो स्वतःच्या हौसेने विदिनला गेला होता, असं ठरलं. आणि पुढे कुणाची काही हरकत आलीच, तर ती ऐकायला एक माणूस हवा म्हणून साहेबांनी एक नवं पद काढलं. ते वेलिच्काला दिलं.

मिरचीच्या शुक्रवारी अंगणात धूर दाटला होता. मधली भट्टी वेलिच्काची. घुबड तिच्या शेजारी होतं, पालथ्या मोठ्या बरणीखाली, आणि त्याचा डोळा आत गोल गोल फिरत होता. बाया हसत होत्या, स्पास रकिया ओतत होता, झिव्का मिरच्या सोलता सोलता वेलिच्काची मतं ऐकत होती, मुकाट्याने. वेलिच्काने काळ्या पडलेल्या बोटांनी एप्रनच्या खिशातून विदिनहून आलेला कागद काढला.

“मोठ्याने वाच गं,” झिव्का म्हणाली.

वेलिच्काने एक मिरची भट्टीत सोडली, झाकण लावलं आणि वाचायला घेतलं:

“प्रति, श्रीमती वेलिच्का मिंचेवा, प्रमुख, माना व हरकती विभाग, याम्बोल. विषय: माझी मान मागे घेण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळवतो की, जी सभा झाली नाही त्या सभेत माझी मान प्रथम वर गेली होती व नंतर केवळ जागेवर परत आली होती. सदर परत येण्याला खाली येणे समजू नये. माझ्या मानेची नोंद माझ्या जन्मगावच्या रिवाजानुसार दुरुस्त करून, मला पूर्वपदी, किंवा ते शक्य नसल्यास अंगणातील कडेच्या कोणत्याही भट्टीपाशी, पुन्हा रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.”